अर्धा फूट

"नारळ डाव्या हातात घे आणि पदक जरा वर धर," फोटोग्राफर म्हणाला. "आणि हस की गं बाई, पहिली आलीयेस!"

मी हसले. गळ्यात राज्य स्पर्धेचं सुवर्णपदक होतं, बुटांत पाण्याच्या खड्ड्यातलं गढूळ पाणी होतं आणि पायांच्या पोटऱ्या आपल्या आपण थडथडत होत्या. प्रमुख पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला, दाबला, सोडला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून रुमालाला पुसला. शेजारी बाबर सर उभे. पोरगी जिंकली की तिच्या प्रशिक्षकाला शाल देतात. ती त्यांच्या खांद्यावर अशी पडली होती की काढू की ठेवू, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या क्रमांकाची पायरी रिकामी होती.

"रेहाना मुलाणी! मुलाणी, लवकर या! पाहुण्यांना पुढं लग्नाला जायचंय!" संघटनेचे सचिव निकम साहेब माईकवरून ओरडत होते.

रेहाना मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. शर्यत संपून पाव तास झाला, तरी ती तिथल्या एका लाकडी अडथळ्याशेजारी उभी होती. कमरेवर हात ठेवून, अडथळ्याला अंग लावून, खाली बघत. पोराची उंची वाढली का हे दाराच्या चौकटीशी उभं करून बघतात ना, तसं ती स्वतःलाच बघत होती.

मला वाटलं, हरली म्हणून रुसलीय. खरं सांगायचं तर मला ते बघून बरं वाटलं.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. त्या क्रीडासंकुलाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं मला अजून लग्नपत्रिका पाठवतात. मी द्वारका विरकर, माण तालुक्यातली. आमच्या भागात पाण्याचे टँकर कमी आणि पळणारी पोरं जास्त. माझी शर्यत स्टीपलचेस. म्हणजे तीन हजार मीटर पळायचं, प्रत्येक फेरीत जाडजूड लाकडी अडथळे ओलांडायचे आणि एका अडथळ्यापलीकडे पाण्याचा खड्डा, त्यात पडायचं आणि पडलं तरी पळत राहायचं. ही शर्यत ज्यानं काढली त्याचं घरात काही ऐकलं जात नसणार, असं मला पहिल्यापासून वाटतं.

रेहाना बार्शीकडची. उंचीनं माझ्या खांद्याला लागायची. पण अडथळा असा ओलांडायची, की घरातला उंबराच. पाय वर, पाय खाली, पुढं. मी लांबडी, नुसती हाडं. अडथळा आला की मी उडायचे. वर जायचे, तिथं वरच जरा वेळ राहायचे आणि धाडकन खाली यायचे. तोवर रेहाना दोन पावलं पुढं गेलेली असायची. "द्वारका, उडू नको! ओलांड!" असं बाबर सर चार वर्षं ओरडत होते, आणि चार वर्षं मी रेहानाच्या मागं दुसरी येत होते. राष्ट्रीय स्पर्धेला आमच्या शर्यतीतून एकच मुलगी जायची. कोण जायची, ते सांगायला नको.

त्या दिवशी मात्र काहीतरी वेगळं झालं. पहिल्या फेरीपासून अडथळे माझ्या पायाखाली आपल्या आपण येत होते. ना उशीर, ना घाई. आणि रेहाना? तिनं पहिल्याच अडथळ्यावर पाय ठेवला. वर चढून पलीकडं उतरली, भिंतीवरून उतरावं तशी. चार वर्षांत तिला अडथळ्यावर पाय ठेवताना मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत ती पंचांकडे बघून काहीतरी ओरडली. तिसऱ्या फेरीत मी तिच्या पुढं गेले. त्यानंतर माझ्यापुढं कुणी नव्हतं. सगळा ट्रॅक मोकळा, आणि मागून येणारा तिचा श्वास कमी कमी होत गेलेला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. इतकं गोड काही मी नंतर ऐकलेलं नाही.

तर रेहाना आली. पायरीवर चढली नाही.

"निकम साहेब, पदक राहू द्या. आधी पट्टी आणा."

"कसली पट्टी?"

"मोजायची."

पाहुण्यांची गाडी हॉर्न वाजवत फाटकाबाहेर गेली. पंचांनी निकालावर अजून सही केली नव्हती. लग्नाच्या घाईत पदकं आधी आणि निकाल मागून असं झालं होतं. मुख्य पंच कानडे बाई निवृत्त क्रीडाशिक्षिका, पांढरी टोपी घालणाऱ्या. त्या मोजपट्टी घेऊन अडथळ्यापाशी गेल्या. मागोमाग निकम, रेहाना, मी, बाबर सर. मी नारळ हातातच घेऊन चालले होते.

बाईंनी पट्टी उभी धरली, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं.

"तीन फूट."

"बरोबर आहे मग," निकम म्हणाले.

"मुलांचा तीन फूट असतो, निकम. मुलींचा अडीच."

"नीट बघा बाई, खाली गवतबिवत असेल."

"हा ट्रॅक आहे. याच्यावर गवत उगवलं असेल तर तो तुमच्या समितीचा प्रश्न."

अडथळ्यांच्या पायात पिना असतात. पिन काढली, लाकूड खाली घेतलं, पिन घातली, की उंची बदलते. हे काम लिंबाजीकडे होतं. लिंबाजीला बोलावलं. पन्नाशीचा, स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यातला माणूस, आल्या आल्या कानाला हात लावून उभा राहिला.

"साहेब, मुलींची शर्यत आधी होती. म्हणून मी सकाळीच सगळे अडीच फुटांवर लावले होते. मग तुम्ही म्हणालात, पाहुण्यांना मुलांची शर्यत बघायचीय, ती आधी घ्या. मी वर केले. मुलांची झाली, मी खाली करायला निघालो, तर तुम्हीच हाक मारली."

"मी?"

"'लिंबाजी, तुझा सदरा पांढरा आहे, ये, शालींचं तबक धर.' मी धरलं. तबक हातात आणि इकडं बंदूक वाजली."

"मग सांगायचं नाही का तेव्हा?"

"कसं सांगणार? तुमचं भाषण चालू होतं."

कानडे बाईंनी टोपी काढली, पुन्हा घातली. मला वाटतं, हसू लपवायला.

"शर्यत रद्द," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी पुन्हा."

निकम साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हा माणूस वाईट नव्हता. कुणालाच नाराज करायचं नाही, एवढाच त्याचा धंदा होता, आणि अशा माणसावर एक दिवस सगळेच नाराज होतात. "बाई, पाहुण्यांनी स्वतःच्या हातानं घातलेलं पदक मी काढून घेऊ? उद्या पेपरात फोटो येणार! दिलेला मान परत घेतात का कुठं?"

"मानाचं मला माहीत नाही. उंचीचं माहीत आहे."

"असं करू," निकम म्हणाले. "उंची सगळ्यांना सारखीच होती. तेव्हा विजेतीची तयारी असेल तर उद्या परत पळवू. तिची हरकत असेल तर निकाल कायम."

"असा नियम नाही."

"बाई, तबक धरायचाही नियम नव्हता. जे झालं ते झालं. सहा वाजेपर्यंत तिला सांगू द्या."

बाईंनी मान हलवली, हो की नाही ते कळू न देता. आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझ्या मनात काय होतं ते सांगून टाकते. माझ्या मनात होतं: नाही. चार वर्षांनी एकदा ती माझ्या मागं राहिली होती. उद्या अडथळे खाली आले की मी पुन्हा वर उडणार, ती पुन्हा उंबरा ओलांडणार आणि मी पुन्हा दुसरी. पदक माझ्या गळ्यात होतं, राष्ट्रीय स्पर्धेची जागा माझ्या खिशात होती, आणि ते दोन्ही ठेवायला मला फक्त एक शब्द बोलायचा होता. रेहानाकडून विनवणी नाही, रडणं नाही. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि बूट काढून त्यातलं पाणी ओतायला लागली. विनवणी केली असती तर मला नाही म्हणायला सोपं गेलं असतं.

निकम आणि बाई गेल्यावर मी बाबर सरांकडे वळले. त्यांनी सांगावं, ठेव पदक. म्हणजे ते त्यांच्या नावावर टाकून मी मोकळी.

सर अडथळ्याशी उभे होते. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला होता, कोपरात किंचित वाकवून, आणि हालत नव्हते. मी त्यांना असं उभं राहिलेलं हजार वेळा बघितलं होतं. आमच्या माळावर, सरावाच्या वेळी, अगदी असेच. हात तसाच, कोपर तसंच.

"द्वारका," ते म्हणाले, "आपले पण एवढेच आहेत."

"काय?"

"आपले अडथळे. माळावरचे. एवढेच आहेत."

जुन्या शाळेचं छप्पर उतरवलं तेव्हा सरांनी वासे मागून घेतले होते. सुताराकडून ते रंधून घेतले आणि माळावर स्वतःच्या हातानं सिमेंटमध्ये उभे केले. मुलींना ही शर्यतच नव्हती त्या काळातल्या पुस्तकातलं माप बघून. पोरं त्यांच्यावरून उड्या मारायची, मग मी मारायला लागले. मुलींचं माप वेगळं असेल असं त्यांच्या मनातच आलं नाही, आणि माझ्या मनात येण्याचं कारण नव्हतं. स्पर्धेत अडथळे बुटके दिसायचे. मला वाटायचं, शहरातली रंग दिलेली वस्तू, नाजूकच दिसणार. सरांना वाटायचं, मोठ्या मैदानात सगळंच लहान दिसतं. आणि ते मला ओरडायचे, उडू नको, ओलांड. मी रोज तीन फुटांवर सराव करून यायचे आणि अडीच फुटांवर पळायचे. मी उडत नव्हते. माझे पाय जे शिकले होते तेच करत होते.

म्हणजे त्या संध्याकाळी दोन चुका समोरासमोर आल्या होत्या. एक सरांची चार वर्षांची, एक लिंबाजीची दहा मिनिटांची. दोन्ही अर्ध्या फुटाच्या, एकमेकींत चपखल बसणाऱ्या. त्यांच्यातून माझं सुवर्ण निघालं होतं.

पाठीमागून हसण्याचा आवाज आला. रेहाना. एका पायात बूट, एक बूट हातात. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही हिला चार वर्षं मुलांच्या अडथळ्यांवरून पळवलंत?" ती म्हणाली. "सर, तुम्ही धन्य आहात!"

ती हसतच होती. मग हसता हसता अर्ध्यातच थांबली. बुटाकडं बघत राहिली.

"म्हणजे गं द्वारके," ती म्हणाली, "चार वर्षं मी कुणाला हरवत होते?"

माझ्या एका पदकात खोट निघाली, तशी तिच्या चार पदकांत निघाली होती. नुकसान तिचं जास्त होतं. माझं ताजं होतं, तिची तर घरी फ्रेम करून लावलेली असणार.

"पळ उद्या," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही म्हणत. मला कळायला पाहिजे."

ती गेली. सर अजून अडथळ्याशीच.

"नको पळू," ते म्हणाले. "माझ्या चुकीनं तुझी चार वर्षं गेली, लिंबाजीच्या चुकीनं एक पदक आलं. फिट्टंफाट समज आणि घरी चल."

पाच मिनिटांपूर्वी मला हेच ऐकायचं होतं. आता ऐकलं आणि अंगाचा भडका उडाला. चार वर्षं हा माणूस मला 'उडू नको' म्हणत होता. चार वर्षं रात्री मी माझ्या लांब पायांना शिव्या देत झोपत होते.

"फिट्टंफाट तुमची झाली, सर," मी म्हणाले. "माझी नाही."

ते शाल सावरत खाली बसले. मी तशीच निकम साहेबांच्या टेबलाशी गेले, पदक काढून त्यांच्या समोरच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "पळते."

"अगं, सहापर्यंत वेळ आहे, विचार कर—"

"केला."

"पाहुण्यांना मी काय सांगू?"

"सांगा, मुलगी हट्टी आहे."

लिंबाजी पाठोपाठ आला. त्याला काहीतरी करायचं होतं, अपराधी माणसाला हात रिकामे ठेवता येत नाहीत. मी म्हणाले, "मला एक अडथळा खाली करून दे. अडीच फुटांवर." त्यानं तो एवढ्या मायेनं खाली केला, जणू पाळणा हलवत होता.

मी पळत आले आणि ओलांडला. म्हणजे उडाले. वर गेले, राहिले, धाडकन खाली. पुन्हा. पुन्हा तेच. अडथळा बसक्या म्हशीसारखा खाली दिसत होता आणि माझे पाय त्याच्यावर उगाचच हवेत. दहा-बारा वेळा केलं. तासाभरात चार वर्षं पुसायची होती, आणि पाय ऐकत नव्हते. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. ऊन उतरत चाललं होतं.

"लिंबाजी," मागून आवाज आला, "हे टोक धर."

बाबर सर. त्यांनी खांद्यावरची शाल काढली होती. एक टोक लिंबाजीच्या हातात दिलं, दुसरं आपल्या हातात, आणि दोघं अडथळ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. शाल अडथळ्यावर आडवी ताणली, छतासारखी.

"खालून जायचं," सर म्हणाले. "डोकं शालीला लागता कामा नये."

"आणि लागलं तर?"

"शाल फाटेल. पाहुण्यांनी दिलेली आहे, सांभाळ."

पहिल्या वेळी शाल माझ्या डोक्याला मुंडाशासारखी गुंडाळली गेली आणि मी आंधळी होऊन लिंबाजीवर आदळले. दुसऱ्या वेळी कानाला लागली. सर काहीही बोलले नाहीत. 'उडू नको' तर नाहीच. दर वेळी शाल ताणायचे आणि बोटभर खाली घ्यायचे. बोटभर खाली, पुन्हा बोटभर. कधी लागायची, कधी नाही. आणि एकदा मी आले, पाय टाकला, आणि पलीकडं पळतच राहिले, पंधरा पावलं गेल्यावर लक्षात आलं की अडथळा गेला. वर राहिलेच नव्हते. उंबरा.

"परत," सर म्हणाले.

मी परत केलं. परत तसंच झालं. लिंबाजी शाल धरूनच टाळ्या वाजवायला गेला आणि शाल खाली पडली.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर रेहाना डब्यातली पोळी खात बसली होती. सगळं बघत होती. उठून गेली नाही, लपलीही नाही. मी तिच्याकडं बघितलं तेव्हा तिनं घास तोंडात असतानाच मान हलवली. ती 'छान' अशी होती की 'बघते उद्या' अशी, ते समजलं नाही. दोन्ही असावं.

सकाळी सातला शर्यत. आदल्या दिवशी होत्या त्यांतल्या सहाजणी आल्या. पेंडॉल उतरवायचं काम चाललं होतं, माईक नव्हता, पाहुणे नव्हते. कानडे बाईंनी प्रत्येक अडथळ्याशी स्वतः जाऊन पट्टी लावली आणि मगच टोपी नीट केली. लिंबाजीला निकम साहेबांनी लांब उभं केलं होतं, हातात काहीही न देता.

बंदूक वाजली. रेहाना पहिल्या पावलापासून पुढं. पहिला अडथळा तिनं उंबऱ्यासारखा ओलांडला. हीच ती, चार वर्षांची. मी तिच्या पाठीमागं लागले. पाय टाकला. ओलांडलं. कालची शाल डोक्यावर आहे असं समजून मान खाली घेतली. दुसरा ओलांडला. तिसऱ्याला चुकले, जुनी खोड जागी झाली आणि मी वर उडाले. धाडकन. दोन पावलांचं अंतर पडलं. मी ते भरून काढलं. पुढच्या फेरीत पुन्हा एकदा उडाले, पुन्हा भरून काढलं.

आणि तेव्हा मला एक गोष्ट जाणवली, ती मला कुणी शिकवली नव्हती. अंतर भरून काढायला मला त्रास होत नव्हता. पाचव्या फेरीला बाकीच्या चौघी मागं राहिल्या होत्या. सहाव्या फेरीत पाण्याच्या उडीनंतर रेहानाचे पाय जड पडायला लागले, आवाजावरून कळत होतं. माझे नव्हते पडत. दर अडथळ्याला माझे पाय जास्तीच्या उंचीची वाट बघत होते आणि ती येतच नव्हती, तेवढं बळ उरत होतं. प्रत्येक अडथळ्याला थोडं थोडं. आता ते सगळं एकत्र साठून आलं होतं.

शेवटच्या फेरीत रेहानानं मागं वळून बघितलं. मी तिला ते करताना पहिल्यांदा बघत होते. पाण्याच्या खड्ड्यातून आम्ही दोघी एकदमच बाहेर पडलो, तिच्या अंगावरचं पाणी माझ्या तोंडावर उडालं. शेवटचा अडथळा. ती ओलांडली, मी ओलांडले. दोन उंबरे. आणि मग मोकळा रस्ता, आणि मी पळत सुटले. ओरडत पळत होते असं नंतर लिंबाजीनं सांगितलं. काय ओरडत होते ते त्याला आणि मला, दोघांनाही आठवत नाही. रेषा ओलांडली तेव्हा ती माझ्या हाताच्या अंतरावर मागं होती, पण मागं होती.

कानडे बाईंनी घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा घड्याळाकडं. "सही करते मी आता," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून त्याहून मोठं कौतुक कुणी ऐकलं नसेल.

मी गवतावर पडले. आभाळ एवढं जवळ कधी दिसलं नव्हतं. चार वर्षं, त्यांच्या आधीची सगळी वर्षं, माळावरची धूळ, सगळं जिंकून निघाले होते. रेहाना माझ्या शेजारी येऊन आडवी झाली. तिनं हात लांब करून माझ्या डोक्यावर एक टपली मारली. चांगलीच जोरात.

मग मी सरांना शोधायला उठले. ते टाळ्या वाजवत पुढं येतील असं वाटलं होतं. ते पायऱ्यांवर होते, खालच्या पायरीवर, शाल गुडघ्यावर नीट घडी करून. माझ्याकडं बघून हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं.

"एका संध्याकाळीत जमलं तुला," ते म्हणाले.

"जमलं."

"म्हणजे चार वर्षांपूर्वी पण एका संध्याकाळीत जमलं असतं."

मी त्यांच्या शेजारी बसले. जेवढी मी जोरात पळाले, तेवढा त्यांच्याविरुद्धचा पुरावा भक्कम झाला होता. हरले असते तर त्यांना म्हणता आलं असतं, मुलाणीच जास्त चांगली आहे, मापाचा प्रश्न नव्हता. मी जिंकून त्यांची ती सोय काढून घेतली होती. आदल्या दिवशी मला त्यांना हेच दाखवायचं होतं. आता दाखवून झालं, आणि मला ते नको झालं होतं.

"उद्या गेलो की पहिलं काम," ते म्हणाले, "ते वासे उपटतो. सिमेंट फोडायला लागलं तरी चालेल."

"कशाला उपटताय?"

रेहाना होती. ओल्या बुटांनी पचपच आवाज करत ती आमच्या समोर येऊन उभी राहिली होती, हातात कुणाचं तरी अर्धं केळं.

"तीन फुटांचे आहेत म्हणून," सर म्हणाले.

"म्हणूनच विचारते. सर, शेवटच्या फेरीत हिचे पाय बघितले का तुम्ही? माझे मेले होते. हिचे नुकतेच कामावर आल्यासारखे!" तिनं केळ्याचा घास घेतला. "तीन फुटांवर रोज पळायचं आणि स्पर्धेत अडीच. हे कुणाच्या डोक्यातनं आलं? मला पुढच्या वर्षी हिला हरवायचंय. मी महिनाभर येते तुमच्या माळावर. चालेल का?"

सरांनी तिच्याकडं बघितलं. ती खरंच पायांबद्दल बोलत होती की त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाबद्दल, हे मी तिला नंतर कित्येकदा विचारलं, आणि दर वेळी तिनं वेगळं उत्तर दिलं.

"ये की," सर म्हणाले. ते हसत होते, आणि या वेळी डोळ्यांपर्यंत. "फक्त येताना मोजपट्टी आण. आमच्याकडं नाही."